माझी मुऱ्हाळी मीच

कडुनिंबाचा मोहोर अंगणात पडायला लागला की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. सकाळी झाडून घ्यावं तर तासाभरात अंगण पुन्हा पांढरं. अकरानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, तारेवरचं धुणं दहा मिनिटांत कडक होतं. पिंपळनेरच्या बाजारात कोपऱ्या-कोपऱ्याला दोन गोष्टी विकायला बसतात, पुरणपोळीची खापरं आणि झोक्याचे दोर. काल मी एक दोर हातात घेतला, पीळ पाहिला, ठेवून दिला. मला लागतं ते आमच्या ओसरीत उभं आहे. बॅटरी चार्जिंगला लावलेली, आणि हँडलवर ह्यांनी आपला टॉवेल वाळत घातलेला. किती वेळा सांगितलं, ती दांडी नाही, माझी सायकल आहे. पण सांगून ऐकतील तर ते हे कसले.

पुण्या-मुंबईकडे या दिवशी लोक म्हणे गुंजभर सोनं घेतात आणि झालं. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणीचा सण. दिवाळीला माहेरी नाही गेलं तर चालतं, आखाजीला नाही गेलं तर बाईच्या छातीत काहीतरी अडकून राहतं. खापरावरची पातळ पुरणपोळी, परातभर आमरस, सांजोऱ्या, आणि गावातल्या एकूण एक निंबाला झोका. पुरुष पारावर पत्ते कुटत बसतात, त्या दिवशी त्यांना कोणी काही बोलत नाही. बायका झोक्यावर उभ्या राहून गाणी म्हणतात, त्यांनाही कोणी काही बोलत नाही. सालदाराचं, म्हणजे सालाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, वर्षही याच दिवशी संपतं. पुढच्या वर्षी राहू की जाऊ, हे तो मालकाला तोंडावर सांगू शकतो. लग्न झालेल्या बाईला असं विचारणारा कोणी नसतो, म्हणून तर ते चार दिवस इतके गोड लागतात.

पण एक अट आहे. लेकीने आपण होऊन जायचं नाही. माहेरचं माणूस तिला घ्यायला आलं पाहिजे. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. तो आला की सासरी त्याला आधी गूळ-पाणी, मग जेवण, मग त्याच्यासोबत लेकीची पिशवी. मुऱ्हाळी न येता जी माहेरी जाते, तिला गाव विचारतं, बाई, तुला कोणी बोलावलं? आणि नवऱ्याने बायकोला स्वतः नेऊन सोडणं तर त्याहून वाईट. लोकांना वाटतं, भांडून परत आणून टाकली.

माझा मुऱ्हाळी म्हणजे माझा भाऊ. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, मला कडेवर खेळवलेला. माझं माहेर पिंपळनेरहून चौदा किलोमीटरवर, डोंगराच्या पोटाशी. लग्न झालं तेव्हा मी अठराची. पहिल्या आखाजीला भाऊ आदल्या दिवशी आला, काळ्या दणकट सायकलवर. उन्हं कलली की आम्ही निघायचो. मी कॅरियरवर एका बाजूने बसलेली, पिशवी मांडीवर, एक हात त्याच्या सीटच्या स्प्रिंगला. रस्त्यावर तो फारसा बोलायचा नाही. फक्त नाला जवळ आला की दरवर्षी एकच वाक्य.

"पाय लांब धर, चाकमा जाई."

दुसऱ्या वर्षी गेलाच. मी कुठल्यातरी शेतातल्या कैऱ्या बघत होते आणि उजवी टाच तारांमध्ये. भावाने गळ्यातला नवा रुमाल टराटरा फाडून पाय बांधला. मला खाली उतरू दिलं नाही. कॅरियरवर बसवूनच उरलेला सगळा रस्ता सायकल ढकलत नेली, नाल्यातल्या गोट्यांमधूनसुद्धा. एवढं होऊन रागावला नाही. टाचेवरची ती खूण अजून आहे, वहाण घालताना दरवेळी हाताला लागते.

खरं सांगायचं तर त्या सायकलवर माझाही हक्क होता. नऊ-दहा वर्षांची असताना मी तीच सायकल कैची मारून शिकले होते, म्हणजे दांडीच्या खालून पाय घालून, वाकडी होऊन. गावात कोणाही पोरापेक्षा जोरात चालवायचे. तेरावं लागलं आणि आईने एक दिवस सायकल काढून घेतली. म्हणाली, आता मोठी झालीस. मोठं झाल्यावर पाय पेडलपर्यंत पोचतात, आणि नेमकं तेव्हाच उतरवतात. हा हिशेब मला तेव्हा कळला नाही, आजही कळत नाही. तेव्हापासून माझी जागा कॅरियरवर.

पुढे भावाने मोटारसायकल घेतली, केस पिकले, नातवंडं झाली, पण आखाजीचा मुऱ्हाळी तोच. मग एकदा खळ्यात पाय घसरला आणि खुबा मोडला. आत सळई घातली, हातात काठी आली. मी दवाखान्यात बारा दिवस त्याच्या उशाशी होते, तेव्हा कोणी विचारलं नाही की तुला घ्यायला कोण आलं होतं. पण आखाजी जवळ आली तेव्हा त्याच्या मुलाचा सुरतेहून फोन आला, आत्या, मी गाडी पाठवतो. मागून भावाचा आवाज ऐकू आला.

"मी जित्ता शे तवर मीच जासू."

आणि मीही त्याचीच बहीण. म्हटलं, ठीक आहे, तू येशील तेव्हाच येईन. असं करत एक आखाजी गेली. दुसरी गेली. तिसरीही गेली. मी शिवणकाम करते, चाळीस वर्षं करतेय. आखाजीआधीचा महिना मला मान वर करायला फुरसत नसते. गावभरच्या लेकींची माहेरी जायची ब्लाउजं मी शिवली, काजं-बटनं करून हातात दिली, आणि स्वतः मशीनवरच. गल्लीच्या टोकाच्या निंबावरून गाणी ऐकू यायची. मी मोटर जोरात चालवायचे, म्हणजे ऐकू येऊ नयेत.

त्या तिसऱ्या आखाजीच्या दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. म्हणाली, काल सकाळी ह्यांनी ती जुनी काळी सायकल कोठीतून बाहेर काढली. फडक्याने पुसली. हँडल धरून अंगणात उभे राहिले, बराच वेळ. मग कोणी बघायच्या आत परत ठेवली. त्यांना वाटलं मी पाहिलं नाही.

मी फोन ठेवला आणि रडले, सरळ सांगते. मग रडणं संपलं आणि राग आला. भावाचा नाही, त्या रीतीचा. माझा भाऊ सत्तरीचा. अशा किती आखाज्या राहिल्यात त्याच्या? त्याचे पाय चालत नाहीत म्हणून माझेही बांधून ठेवायचे? मुऱ्हाळी यायला पाहिजे ना, येईल. पण मुऱ्हाळी पुरुषच असावा, असं कोणत्या पोथीत लिहिलंय?

एसटी फाट्यापर्यंतच जाते, पुढे नाला. रिक्षा होते, पण रिक्षावाला काही माहेरचं माणूस नाही. मला माझ्या हाताने, माझ्या पायाने जायचं होतं. पुढच्या चैत्रात, पाडव्याला, मी मनोजकडे गेले. मनोज माझा मुलगा, जळगावला पाइपच्या कारखान्यात आहे. त्याला म्हटलं, मला गाडी घ्यायची. तो खूश. म्हणाला, आई, स्कूटी घे, सगळ्या बायका घेतात. सुनेची स्कूटी एकदा खडीच्या रस्त्यावर चालवून पाहिली, दोनदा आडवी झाले. नाल्यात तर गोटे केळ्याच्या घडाएवढे. मग त्याच्याच मोबाइलवर मी एक सायकल पाहिली होती, जाड टायरची, डोंगरातून दगडांवरून उड्या मारत जाणारी, पेडलला बॅटरीचा जोर. बोट ठेवून म्हटलं, ही. मनोजने माझ्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे, मग सुनेकडे. सून चहा करायला आत गेली.

दुकान चकचकीत होतं, थंड हवा सोडलेली. विकणारा तरुण चांगला होता, पण त्याने पहिल्यांदा मला पुढे टोपली असलेली गुलाबी सायकल दाखवली. म्हटलं, भाजी आणायला ह्यांचे पाय आहेत, मला डोंगरात जायचंय. मग तो मनोजशी बोलायला लागला. मोटर मागच्या चाकात घ्यायची की पेडलपाशी, गिअर किती, बॅटरी निघते की नाही, सगळं मनोजला सांगतोय आणि मनोज मान हलवतोय, ज्याने कॉलेजनंतर सायकलला हात लावलेला नाही. मी पर्समधून टेप काढली.

चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली, स्वतःचं कधी घेतलं नव्हतं. दुकानातच आरशामागे गेले आणि जांघेपासून टाचेपर्यंत मोजलं. सव्वीस इंच. मग एकेका सायकलची मधली दांडी जमिनीपासून मोजत सुटले. पहिली तीस. दुसरी एकोणतीस. त्या तरुणाला म्हटलं, बगल अंगाबरोबर कापली तर ब्लाउज पहिल्या दिवशी उसवतं, दोन इंच सैल सोडावंच लागतं. दगडावर पाय टेकायची वेळ आली आणि दांडी आड आली, तर मी पडणार की तुम्ही? तो हसला, पण मग मनोजकडे बघायचा थांबला. आतून एक काळी सायकल काढली, दांडी खाली उतरत गेलेली. मोजली. चोवीस.

तीच घेतली, पण तीन फेऱ्या मारल्याशिवाय नाही. दुकानामागच्या गल्लीत सायकलवर बसले. तो म्हणाला, मॅडम, सायकलची सवय आहे का? म्हटलं, चाळीस वर्षं पेडल मारतेय, एका जागी बसून. आता पुढे जायचंय. पहिल्यांदा भिंतीला टेकले. दुसऱ्या फेरीला एका दळणवाल्याला बाजूला व्हायला लावलं. तिसऱ्या फेरीला बटन दाबलं आणि पेडलखालून कोणीतरी हळूच ढकलल्यासारखं वाटलं. मला एकदम भाऊ आठवला, नाल्यात सायकल ढकलणारा. बाकी कारणं मनोजसाठी होती, माझं घेणं तिथंच ठरलं.

भांडण झालं ते कॅरियरवरून. तो म्हणे डोंगरी सायकलला कॅरियर नसतं, शोभाच जाते. मी म्हटलं, शोभा ठेवा तुमच्याकडे, कॅरियर द्या. कशाला पाहिजे, असं मनोजनेही विचारलं. मला सांगता येईना. सायकल म्हणजे कॅरियर, एवढंच मला ठाऊक. त्यांच्याकडचं होतं ते ॲल्युमिनियमचं, डबा-पिशवीपुरतं. ते मी नाकारलं. सायकल टेम्पोतून पिंपळनेरला आल्यावर आमच्या वेल्डरकडून लोखंडी पट्ट्यांचं बनवून घेतलं, दूधवाल्यांचं असतं तसं, नटबोल्टने आवळून बसवलेलं. त्यावर अर्धं पोतं गहू बांधून गिरणीपर्यंत गेले आणि आले. वेल्डर म्हणाला, अक्का, एवढ्या सुंदर सायकलचं वाटोळं केलं. म्हटलं, पैसे घे आणि गप्प बस.

महिनाभर पहाटे शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारल्या. जाड कापडाची ढगळ सलवार स्वतःच शिवली, पायाला आवळपट्टी. लोक बोलायचे ते बोललेच. या वयात हे काय थेर. नातवाची सायकल पळवली का. एक शेजारीण शहाणपणाने म्हणाली, पण यात तर मोटर आहे, म्हणजे तुम्ही चालवतच नाही. तिला म्हटलं, बाई, तुझं ब्लाउज मी मोटरच्या मशीनवर शिवते, मग ते काय आपोआप शिवलं जातं? घरात ह्यांनी एवढंच विचारलं, ब्रेक तपासलेस ना? चाळीस वर्षांच्या संसारात मला इतका चांगला प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता.

मागच्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे साडेपाचला निघाले. नियमाने उन्हं कलल्यावर निघायचं, पण मला नियम मोडायचाच होता तर सगळाच मोडावा. भावाला कळवलं नव्हतं. फाट्यापर्यंत डांबरी, मजेत गेले. पुढच्या चढावर बटन बंद ठेवलं, माझीच खुमखुमी, की निदान थोडं तरी नुसत्या पायाने. दोन वळणांत श्वास तोंडाला आला. एका आंब्याखाली थांबले, पाणी प्यायले, स्वतःलाच म्हटलं, कोणाला दाखवतेस? बटन चालू केलं. मोहाच्या फुलांचा गोड, आंबूस वास रस्ताभर होता. टोपल्या घेऊन फुलं वेचायला निघालेल्या तीन बाया थांबून बघत राहिल्या. त्यातली एक नुसती मान हलवून हसली आणि मला फार बरं वाटलं.

नाला कोरडा होता. तेच गोटे, तीच वाळू. उतरून ढकलत नेता आली असती. नाही उतरले. पुढचा शॉकअप खाली-वर होतोय, हँडल हातातून निसटायला बघतंय, आणि मी मोठ्याने, एकटीच, पाय लांब धर, पाय लांब धर म्हणतेय. मधे एकदा गोट्यावरून चाक घसरलं. पाय टेकला. जमीन लागली. दोन इंच सैल, बरोबर मोजलं होतं मी.

गावात शिरले तेव्हा पारावर पत्ते सुरू झाले होते. हातातली पानं हातात राहिली. भाऊ ओट्यावर खाटेवर होता, काठी मांडीवर आडवी. मला पाहिलं, सायकल पाहिली, माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं. मागे कोणी नव्हतं. त्याचा चेहरा आवळला.

"कोन लेवाले ऊनं तुले?"

म्हणजे, तुला घ्यायला कोण आलं होतं? चौदा किलोमीटर मी याच प्रश्नाला भीत आले होते.

"कोनी नही. मुऱ्हाळी मीच शे."

"मंग लेवाले कोनले उनी?"

"तुले."

वहिनी दारात भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती, लेक आली की ओवाळून टाकतात तो. आत घ्यावं की थांबावं तिला कळेना. पारावरचे लोक उठून जवळ आले होते, आणि मला माहीत होतं की आता तो जे म्हणेल तेच गाव वर्षभर म्हणणार. तो काठी टेकून उठला. सायकलभोवती एक फेरी घातली. पुढच्या टायरवर अंगठा दाबून हवा पाहिली, अगदी तेव्हा पाहायचा तशी. ब्रेक दाबला. मागे आला आणि ते लोखंडी कॅरियर हाताने हलवून पाहिलं, दोनदा. हललं नाही. मग वहिनीकडे न बघता म्हणाला,

"तो तुकडा ठेव. गूय-पानी आन. मुऱ्हाळी शे ती."

मी ओट्यावर बसून गूळ खाल्ला, पाणी प्यायले. आजवर त्याने माझ्या सासरी चाळीसेक वेळा तसंच बसून खाल्ला असेल. पारावरचे परत पत्त्यांकडे गेले. नदीकाठच्या निंबाला झोका बांधला होता, तिथून पोरीबाळींचा आवाज येत होता. दरवर्षी तो झोका भाऊ बांधायचा, गाठ स्वतः तपासायचा. दवाखान्यातून आल्यापासून तो तिकडे फिरकलाच नव्हता. काठी टेकत लोकांसमोर जाणं त्याला नको वाटायचं. दोनशे पावलं. तेव्हा मला कळलं, कॅरियर कशाला पाहिजे होतं ते.

म्हटलं, मुऱ्हाळी रिकाम्या हाताने परत जात नाही. चल, बस.

तो नाही म्हणाला. वहिनी नाही म्हणाली. मी सायकल ओट्याला लावून धरली आणि उभी राहिले. ऊन चढत होतं. मी काही हलणार नव्हते, आणि हे त्याला माझ्या जन्मापासून माहीत आहे. शेवटी त्याने काठी वहिनीच्या हातात दिली, ओट्यावरून अंग सरकवलं आणि कॅरियरवर एका बाजूने बसला, मी बसायचे तसा. एक हात माझ्या सीटखाली घट्ट. त्याचं वजन मागे आलं तेव्हा सायकल दबली. मी बटन सगळ्यात वरच्या जोरावर टाकलं.

"पाय लांब धर, भाऊ. चाकमा जाई."

मी मान वळवून पाहिलं. माझा सत्तर वर्षांचा भाऊ शहाण्या लेकरासारखे दोन्ही पाय लांब धरून बसला होता, आणि डोळे पुसायला त्याच्याकडे हात मोकळा नव्हता.

निंबाखालच्या पोरींनी झोका थांबवला. भावाने खाली उतरून पहिली गोष्ट केली ती म्हणजे दोराची गाठ तपासली, आणि कोणी बांधली म्हणून ओरडला. मग त्याने स्वतः बांधली. मग मी झोक्यावर उभी राहिले, अठ्ठावन्न वर्षांची, ढगळ सलवारीत. कोणी काही बोललं नाही, आणि बोललं असतं तरी मला वरून ऐकू आलं नसतं.

यंदा पुन्हा मोहोर पडतोय. मशीनवर ब्लाउजांचा ढीग आहे, पण माझं स्वतःचं पहिलं शिवून झालंय. ब्रेक तपासलेत. कॅरियरवर ह्यांनी न सांगता रबराची गादी बांधून दिली आहे. परवा सकाळी भावाचा फोन आला. चाळीस वर्षांत आखाजीआधी त्याने कधी फोन केला नव्हता, गरजच नसायची, तोच यायचा. इकडचं तिकडचं बोलला, कैऱ्यांचं, उन्हाचं. मग दिवस विचारला.

"कव्हय येशी लेवाले?" तो म्हणाला. "पाय लांब धरसू मी."